मातशें राव

नवी गाडी दारात आली तेव्हा बाबांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, चष्मा पुसला आणि कागद मागितले. विम्याचे नकोत, कर्जाचे नकोत. ज्यावर इंजिन किती सीसीचं, म्हणजे त्याच्या पोटात किती जागा, ते लिहिलेलं असतं तो कागद. तो त्यांनी दोनदा वाचला.

"नऊशे नव्व्याण्णव?"

"हो."

"मोटरसायकल घेतलीस की गाडी?"

बाबांचं वय ८३. गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं आणि मापात मारलेलं त्यांना आजही खपत नाही. १९८४ साली त्यांनी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. चाळीस वर्षांनी मुलगा बँकेत नोकरी करून, त्याच बँकेचं कर्ज काढून साडेचार मीटर लांबीची सेडान आणतो, आणि तिचं इंजिन बापाच्या गाडीहून ९० सीसीने लहान! गाडी वाढली, इंजिन घटलं, तर मधली तूट कशाने भरून काढली, एवढाच त्यांचा दुकानदारी प्रश्न होता.

"हवेने," मी म्हणालो.

ते उठून आत गेले. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं असणार. पण मी शब्दशः खरं तेच सांगितलं होतं. नव्या इंजिनाला टर्बो आहे, म्हणजे जास्तीची हवा दाबून आत कोंबणारं यंत्र.

आमच्याकडे गाडीची पत सीसीवर ठरायची. जत्रेला, लग्नाला, देवळाच्या आवारात नवी गाडी लागली की पहिला प्रश्न, "कितलें सीसी?" किंमत विचारणं बरं दिसत नाही, सीसी विचारता येतात. पद्मिनी ११००, अँबॅसडर १५००, हे आम्हा पोरांना पाढ्यांसारखं पाठ. नव्वदच्या दशकात डिकीच्या कोपऱ्यात १.३, १.५, १.६ असे लिटरचे (हजार सीसींचा एक) आकडे चमकायला लागले आणि शेजाऱ्याच्या डिकीवरचा दशांश आपल्याहून मोठा निघाला की घरात थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. १९९८ साली आलेली होंडा सिटी १.३ आणि १.५ अशा दोन मापांत मिळायची. १.३ घेतलेला माणूस १.५ का घेतली नाही याचं कारण कुणी न विचारता सांगायचा. (सत्तरी तालुक्यात होंडा नावाचं गाव आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना रस्ता सांगताना "होंड्यावरून डावीकडे वळा" म्हटलं की ते शोरूम शोधत बसतात.)

गोव्यात हे वेड जुनंच आहे. पोर्तुगीज अमलात इथं विदेशी गाड्या येत. त्यामुळे मुक्तीनंतरही कितीतरी वर्षं काळ्या-पिवळ्या रंगातल्या म्हाताऱ्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत असत. मी लहानपणी पणजीला त्यांच्या बॉनेटवर हात फिरवून आलोय. लांब बॉनेट म्हणजे मोठं इंजिन, मोठं इंजिन म्हणजे मोठा पात्रांव, मोठा मालक, हे समीकरण तिथंच कुठंतरी माझ्या डोक्यात बसलं असावं. ते उतरायला पन्नाशी उलटावी लागली.

आधीची माझी गाडी १.५ लिटरची, बिनटर्बोची. बारा वर्षं वापरली. ताई बेळगावात टिळकवाडीला असते, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी घाट ठरलेला. घाटात त्या गाडीला सेकंड गियरमध्ये टाकून चार हजार आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत, ओरडवावं लागायचं. ओरडायची, पण चढायची. तिचं सगळं उघड होतं. पाय जेवढा दाबाल तेवढा आवाज, जेवढा आवाज तेवढी ओढ.

हिची पहिली ओळख तशी नाही झाली. फर्मागुडीच्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये, काटा तेराशे-चौदाशेवर असताना मी जुन्या सवयीने पाय दाबला. काहीच नाही. आणखी दाबला. गाडी विचारात पडलेली. आणि मग पाठीत कुणी धपका घालावा तशी एकदम सुटली. पुढच्या कदंब बसच्या मागच्या काचेवर धुळीत बोटाने लिहिलेली अक्षरंसुद्धा मला वाचता आली. मागे बसलेली माझी लेक म्हणाली, "पप्पा, तिला वेळ तर दे!" ती फर्मागुडीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. त्यामुळे घरात हल्ली माझ्या ड्रायव्हिंगवर दोन पिढ्यांची देखरेख असते.

हा वेळ कशाला लागतो ते मला समजलं ताईच्या जेवणाच्या टेबलावर. भाचा बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. त्याने भंगारात निघालेला एक टर्बो आणून वर्तमानपत्रावर ठेवला. ताईने टेबल नुकतंच पुसलं होतं, तिचं तोंड वेगळंच झालं. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन शंख बसवावेत तसं ते दिसतं. एका शंखाचं लोखंड तांबूस-काळं पडलेलं, दुसरा ॲल्युमिनियमचा, पांढरट. आत प्रत्येकी एक पात्यांचं चाक. मला वाटलं होतं चांगलं ताटलीएवढं असेल. लिंबाएवढं होतं. बोटाने टिचकी मारली तर गिरगिर फिरून थांबलं.

"मामा, हे चालू गाडीत मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरतं," भाचा म्हणाला. डोक्यावरचा पंखा फिरत होता साडेतीनशेच्या आसपास. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा या लिंबाकडे. शिवाय तांबूस शंखातून जाणारा वायू नऊशे अंशांच्या वर तापलेला, आणि बोटभर अंतरावरच्या पांढऱ्या शंखात बाहेरची साधी हवा. मधला दांडा कशावर फिरतो? बॉल बेअरिंगवरही नाही, या टर्बोत तरी नाही. तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते तेल म्हणजे इंजिनातलंच ऑइल.

बाबांना ही गोष्ट मी पोत्यावरून समजावली. पेट्रोलपेक्षा इंजिनाला हवेची भूक मोठी. एक किलो पेट्रोल नीट जळायचं तर साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल काय, हवं तेवढं पिचकारीने सोडता येतं. अडतं ते हवेपाशी. साध्या इंजिनात पिस्टन खाली जातो, पोकळी होते, तिच्यात आपसूक येईल तेवढी हवा घ्यायची. म्हणजे पोतं उघडं धरून वरून तांदूळ सोडण्यासारखं. टर्बोवाल्या इंजिनात सायलेन्सरकडे निघालेला जळका वायू जाता जाता एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत ठासतं. पोतं तेच, पण आदळून-आपटून भरलेलं.

बाबांचे डोळे चमकले. आयुष्यभर हमालांना "आपट, आणखी दोन किलो बसतात" म्हणत आलेला माणूस. पण पुढचा प्रश्नही त्यांनीच विचारला, आणि शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलालाही तो सुचला नव्हता. "मग पोतं फाटत नाही?"

फाटतं ना. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतलं या यंत्राचं सगळं चरित्र म्हणजे पोतं फाटू नये म्हणून केलेली खटपट. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने फुकट जाणाऱ्या जळक्या वायूवर हवा दाबायच्या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं, पण त्या उष्णतेला टिकेल असा धातू तेव्हा कुठे होता? आधी उपयोग झाला तो जहाजांच्या डिझेल इंजिनांना आणि विमानांना. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन थेट कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर, ४३०० मीटरवर नेऊन चालवलं. तिथं हवा इतकी विरळ की साधं इंजिन मरगळतं. टर्बोवालं मात्र समुद्रसपाटीइतकीच ताकद देत राहिलं. आपला चोर्ला घाट त्यापुढे किरकोळ, ८०० मीटरच्या आसपास. तरी हवा सात-आठ टक्के विरळ होतेच. सिगारेट सोडूनही दम लागणाऱ्या माझ्यासारख्याला ते जिना चढल्यागत कळतं, इंजिनालाही कळत असणार.

घरगुती गाडीत टर्बो आला १९६२ साली, अमेरिकेत. त्यातली ओल्ड्समोबिल जेटफायर मला फार आवडते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आधीच पेट्रोल आपोआप पेट घेतं. इंजिन ठोकतं, पिस्टन जायबंदी होतो. यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे एक वेगळी टाकी आणि तिच्यात पाणी व मिथेनॉलचं मिश्रण. टर्बो जोरात आला की त्याचा फवारा. नाव काय, तर 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. लोक ती टाकी भरायला विसरायचे. माणसांनी पेट्रोल आठवणीने भरावं हीच मोठी गोष्ट, त्यांच्याकडून दुसरी टाकी भरून घेणार! अखेर कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. पुढे साब या स्वीडिश कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ९९ टर्बो आणली तेव्हा कुठे बायकामुलांना घेऊन फिरायच्या गाडीत हे यंत्र नांदायला लागलं.

आज ते फवाऱ्याचं काम इंटरकूलर करतो, दाबलेली हवा वाटेत गार करणारा छोटा रेडिएटर. पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात फवारलं जातं, त्यानेही आतली उष्णता उतरते. ठोका पडतोय का ते ऐकायला कान लावलेला एक सेन्सर असतो. आणि एवढं करूनही इंजिन फारच तापलं तर संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो, ते जळण्यासाठी नव्हे, आतला वायू गार करण्यासाठी. हे वाक्य मी भाच्याला दोनदा म्हणायला लावलं. म्हणजे अंगावर आल्यासारखी गाडी हाकली की मी पेट्रोलने गाडीला अंघोळ घालतोय.

आपल्याकडे 'टर्बो' हा शब्द पहिल्यांदा ट्रकच्या पाठीवर वाचला. आमच्या तिस्क-उसगावच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांची रांग लागायची तेव्हाची ही गोष्ट. नंतर फियाटचं १.३ लिटरचं टर्बो डिझेल इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं आणि वर गेलं की उसळणारं. म्हणजे टर्बोची वाट पाहायची सवय डिझेलवाल्यांना आधीच होती. पेट्रोलवाले आम्ही निराळे, लाडावलेले. २०१३ साली पोलो जीटीत १.२ लिटरचं आणि इकोस्पोर्टमध्ये १ लिटरचं टर्बो पेट्रोल आलं तेव्हा आमच्या शाखेतल्या गाडीवेड्यांनी नाकं मुरडली होती. खरी उलथापालथ झाली १ एप्रिल २०२०ला, बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर. छोटं डिझेल स्वच्छ करणं महाग पडायला लागलं, फोक्सवॅगन-श्कोडाने तर इथं डिझेल बंदच केलं. श्कोडा रॅपिडमधलं १.६ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन गेलं आणि तिथं तीन सिलिंडरचं १ लिटर टर्बो बसलं. इंजिन जवळपास चाळीस टक्क्यांनी लहान, ताकद १०५ वरून ११० पीएस (म्हणजे जवळपास अश्वशक्तीच). त्याच वर्षी ह्युंदाई व्हर्नाला १ लिटर टर्बो मिळालं, २०२२ साली श्कोडा स्लाविया आणि फोक्सवॅगन व्हर्टस आल्या त्याही तशाच.

ताकदीपेक्षा घाटात महत्त्वाचा आकडा ओढीचा, टॉर्कचा. होंडा सिटीचं १.५ लिटरचं साधं इंजिन जास्तीत जास्त १४५ न्यूटन-मीटर ओढ देतं, आणि तीही ४३०० आरपीएमला. स्लावियाचं १ लिटर टर्बो १७८ देतं, १७५० पासून. एक गाणारी तार सप्तकात जाऊन ताकद दाखवते, दुसरी मंद्रातच. सीसी विचारणाऱ्या काकांना हे सांगायला जावं तर ते म्हणतात, "ते सगळं खरं, पण इंजिन टिकणार किती?" त्यांना मी दोष देत नाही. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीतून जेमतेम चाळीस अश्वशक्ती काढायचं. त्याहून लहान इंजिनातून जवळपास तिप्पट काढायची म्हटल्यावर ज्याला काळजी वाटत नाही त्याने कधी घर चालवलेलं नसावं.

बाकी जगातही हीच हवा. अमेरिकेत होंडा अकॉर्ड २०१८ च्या मॉडेलपासून साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन सोडून दीड आणि दोन लिटरच्या टर्बोवर आली. दीड लिटर, अमेरिकेत! तिकडे कोकची बाटलीसुद्धा दोन लिटरची असते.

आता माझं मत. हे लहान टर्बो इंजिन घाटासाठी जन्माला आलेलं नाही, आणि ग्राहकासाठी तर नाहीच. ते परीक्षेसाठी जन्माला आलं. युरोपात कार्बन डायऑक्साइड मोजायची जुनी परीक्षा प्रयोगशाळेतल्या रोलरवर वीसेक मिनिटं चालायची, आणि तिच्यात शून्यापासून ५० किलोमीटरच्या वेगाला पोचायला गाडीला २६ सेकंद मिळायची. म्हशी हाकतानाही आमच्याकडे इतका धीर धरत नाहीत. त्या चालीत टर्बो जवळपास झोपलेलाच. मग उरतं ते फक्त लहान इंजिन, कमी घर्षण, कमी पेट्रोल, आणि निकालपत्रावर झकास गुण. भारतातली ॲव्हरेजची परीक्षा त्याच साच्यातली, कमाल वेग तेवढा ९० वर आणलेला. इथं २०१७-१८ पासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आली, २०२२-२३ ला ती किलोमीटरमागे ११३ ग्रॅमपर्यंत आवळली. इंजिन लहान करणं हा त्यातला सोपा मार्ग. युरोपाने २०१७ पासून परीक्षा कडक केली, रस्त्यावर नेऊन मोजायला लागले, तेव्हा फार लहान इंजिनांचं पितळ थोडं उघडं पडलं. फोक्सवॅगनने १.४ लिटरच्या जागी १.५ लिटरचं टर्बो आणलं. म्हणजे शंभर सीसी गुपचूप परत. माझदा तर या वाटेला फारशी गेलीच नाही. मोठंच इंजिन, पण त्यात हवा-पेट्रोल जास्त घट्ट पिळायचं, असा त्यांचा हेका राहिला. मला हट्टी माणसं आवडतात, कंपन्याही.

आपल्या करांची तर आणखी मजा. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तर ती 'लहान गाडी', कर कमी. दोन्ही अटी एकत्र. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तरी व्याख्या तीच राहिली. लहानांना १८ टक्के, बाकीच्यांना ४०. माझी गाडी इंजिनाने लहान, अंगाने मोठी. सरकारदरबारी तिला इंजिनाबद्दल दमडीची सूट नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे माल लहान मापाचा आणि बिल मोठ्या मापाचं." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, अजून नाही.

बँकेतला माणूस म्हटल्यावर वही आलीच. फोंडा-पणजी, सकाळी लवकर, बाणस्तारीच्या पुलावर गर्दी नसताना, लिटरला १८. हेच उशिरा निघालो आणि घाईत हाकली तर १२. चोर्ल्याचा चढ पहिल्या महिन्यात माझ्या जुन्या पद्धतीने चढलो तेव्हा ८. जुनी १.५ तिथं ९ द्यायची. म्हणजे लहान इंजिन घेऊन मी तोट्यात! लेकीने वही पाहिली आणि म्हणाली, पुढच्या वेळी काटा दोन हजारांच्या वर नेऊ नकोस. मान्य केलं, नाखुशीने. दोन हजारांवर, तिसऱ्या गियरमध्ये, आधी पाय अलगद टेकवायचा, टर्बोला जाग येईपर्यंत मनातल्या मनात "एक, दोन" म्हणायचं, मग ओढ येते आणि गाडी आवाज न करता चढते. आकडा आला ११. (पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून सगळेच आकडे थोडे खाली आलेत. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच.)

सगळं गोड नाही. तीन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला उभं असताना गुरगुरतं. बायकोच्या मते शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावलाय असं वाटतं. आमचे जुने मेस्त्री बॉनेट उघडून बराच वेळ नुसते बघत राहिले. प्लॅस्टिकची झाकणं, पाइपांवर पाइप. म्हणाले, "हाका हात लावपाक भंय दिसता." ज्या माणसाने बाबांची पद्मिनी नुसत्या पान्यावर आणि कानावर चालू ठेवली, त्याला भीती वाटते म्हटल्यावर मलाही वाटली. तरी त्यांनी एक सांगितलं. ऑइल वेळेत बदल, जे सांगितलंय तेच घाल, स्वस्तातलं नको. लाखो फेऱ्या मारणारं ते लिंबू त्याच ऑइलवर तरंगतंय. आणि घाट चढून आलास की लगेच चावी फिरवू नको. इंजिन बंद झालं की ऑइलचं वाहणं थांबतं, तापलेल्या शंखात अडकलेलं ऑइल करपतं, त्याचा कोळसा होतो.

हे ऐकताना मला काय आठवलं असेल ते घरच्यांना सांगायला नको.

बाबा घरात मराठी बोलतात. दुकानात मराठी-कोंकणी. पण गाडीशी, कुत्र्याशी आणि देवाशी भांडताना शुद्ध कोंकणी. पद्मिनीच्या काळात बेळगावला जायचं ते अनमोड घाटाने. उसगाव, धारबांदोडा, मोले, की मग चढ. गाडीत आम्ही सातजण, डिकीत नारळ, येताना मिरच्यांची पोती आणि ताईच्या सासरचा कुंदा. पहाटे निघताना बाबा चोक ओढून गाडी सुरू करायचे आणि हलायचेच नाहीत. आई म्हणायची, निघू या ना. ते स्टेअरिंगवर हात ठेवून इंजिनाला सांगायचे, "मातशें राव." जरा थांब. घाटात ठराविक वळणावर, ओढ्याचं पाणी रस्त्यालगत येतं तिथं, गाडी तापायच्या आधीच बाजूला घ्यायचे. बंद करायचे नाहीत. आम्ही पोरं उतरून पाण्यात पाय घालायचो, इंजिन आपलं टकटक करत उभं. "मातशें राव." वर पोचल्यावर पुन्हा तेच. मला त्या वाटेवरची झाडं आठवत नाहीत, ते उभं राहणंच आठवतं. मला ते असह्य व्हायचं. कॉलेजात गेल्यावर मी मित्रांना हे नकला करून दाखवायचो. स्वतःची पहिली गाडी घेतली तेव्हा ठरवलं होतं, किल्ली फिरवायची आणि निघायचं. बारा वर्षं तसंच केलं. १.५ लिटरने माझा हा उद्धटपणा मुकाट्याने सहन केला.

गेल्या डिसेंबरात बाबा नव्या गाडीतून पहिल्यांदा बेळगावला आले. होंडा, साखळी, पर्ये, केरी. उजव्या हाताला अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसेपर्यंत ते गप्प होते. चढाला पुढे बेळगावहून भाजी टाकून परत निघालेला रिकामा ट्रक होता, त्याला ओलांडायची मला घाई नव्हती. काटा दोन हजारांवर. "एक, दोन" मनात. बाबांनी काच खाली केली, मान बाहेर काढून ऐकायला लागले. थंड वारा आत आला, मागून लेक कुरकुरली.

"आवाज कुठे आहे हिचा?" त्यांनी विचारलं.

"हाच."

त्यांनी काच वर केली. चौथ्या वळणानंतर म्हणाले, "चढतेय मात्र." पोत्याचं त्यांना अजून पटलेलं नव्हतं, पण तराजू समोर होता.

कणकुंबीला चहासाठी थांबलो. माथ्यावरून इथपर्यंतचा रस्ता सपाटीचा, तेवढ्यात टर्बो बऱ्यापैकी निवतो. शिवाय या गाडीत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवत राहणारा विजेचा पंप आहे, हे लेकीने मला पुस्तक उघडून दाखवलं होतं. म्हणून मी सरळ बटण दाबून गाडी बंद केली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत, दार उघडून उतरले.

चहा आला. लेक, बायको आणि मी टपरीच्या बाकावर बसलो. बाबा कप घेऊन गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. बॉनेटखाली पंखा फिरत होता, गाडी बंद, चावी माझ्या खिशात, तरी फिरत होता. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. आम्ही हाक मारली, या बसा इथं, चहा निवेल. त्यांनी नुसता हात वर केला.

पंखा थांबला. मग त्यांनी कप तोंडाला लावला.